साळोबाचा थांबा

साळोबाने प्रश्न विचारला, कान टवकारले आणि तो उत्तराची वाट बघत थांबला. ज्या मुलांना त्याने प्रश्न विचारला होता, त्यांच्या कानांवर तो पडायला अजून सव्वा वर्ष लागणार होतं.

कोल्हापुरातल्या त्या लहानशा स्टुडिओत कॅमेरे आपले आपण चालत होते. टेबलाखाली पाटावर बसलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या कौमुदी इंगवले एक लांब श्वास घेत होत्या आणि त्यांचा उजवा हात डोक्याच्या वर, साळोबाच्या पोटात होता. श्वास पुरा झाला तसा साळोबाने आनंदाने अंग झाडलं. त्याचे काटे सळसळले.

"ऐकलं रे ऐकलं! पिशवीत काय आहे? कुणी म्हणालं भोपळा, कुणी म्हणालं फुगा. आणि एक जण काहीच बोललं नाही. तेही ऐकलं!"

साळोबा म्हणजे साळिंदर. अंग घोंगडीच्या तुकड्याचं, काटे खराट्याच्या हिरांचे, डोळे जुन्या कोटाच्या बटणांचे. तो हातात घालून नाचवायची बाहुली होता. एके काळी महाराष्ट्रातली लाखो मुलं संध्याकाळी दप्तर फेकून त्याच्यासमोर बसायची. ती मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली. त्या मुलांना आता घरोघरी असे पडदे मिळाले होते, की जे मुलाच्या नजरेकडे बघून त्याला हवी तीच गोष्ट त्याच्यापुरती रचून दाखवत. सगळ्यांनी मिळून एकच कार्यक्रम बघायचा, ही कल्पना सार्वजनिक नळासारखी मागे पडली. वाहिन्यांचे बालविभाग बंद झाले. साळोबाला मात्र प्रेक्षक उरले होते. ते चाळीसच होते आणि पृथ्वीवर नव्हते.

ते होते 'अगस्त्य' यानावर. दुसऱ्या सूर्याभोवतीच्या एका ग्रहाकडे निघालेलं ते माणसांचं पहिलं गाव. अगस्त्य ऋषी दक्षिणेला गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा असलं अपशकुनी नाव कशाला, असं तेव्हा बऱ्याच जणांनी म्हणून पाहिलं. पण यानही परत येणार नव्हतंच, मग नाव तरी खोटं कशाला ठेवा? यान निघाल्याला अकरा वर्षं झाली होती. त्यावर जन्मलेल्या मुलांनी आंबा पाहिला नव्हता, मांजर पाहिलं नव्हतं. आईबापांची भाषा तरी त्यांच्या कानांवर राहावी म्हणून पृथ्वीवरून प्रत्येक भाषेतला एक कार्यक्रम पाठवला जाई. त्याला 'मायबोलीचा तास' म्हणत. मराठीच्या तासाला साळोबा असे.

आता या सगळ्यात एक अडचण होती आणि ती कुणाच्या बापाला सुटणारी नव्हती. प्रकाशापेक्षा वेगाने विश्वात काहीच धावत नाही. आपला आवाज, आपलं चित्र, आपला निरोप, सगळं रेडिओलहरींवर बसून जातं आणि त्या लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात. घरातल्या घरात हा वेग इतका मोठा, की बोललं आणि ऐकलं यांत अंतरच पडत नाही. पण अगस्त्य प्रकाशाच्या एकदशांश वेगाने अकरा वर्षं दूर पळत होतं. तिथून निघालेल्या शब्दाला इथे पोचायला वर्ष लागे. इथून निघालेल्या शब्दाला सव्वा वर्ष, कारण त्याला पुढे पळणाऱ्या यानाचा पाठलाग करावा लागे. शब्द निघाल्यापासून तो ऐकला जाईपर्यंतच्या या वेळाला शास्त्रज्ञ 'मागकाळ' म्हणत. यान जितकं पुढे जाई तितका मागकाळ वाढत जाई. तो कमी करण्याचा उपाय कुणाकडेही नव्हता आणि कधी असणारही नव्हता.

कौमुदीताईंकडेही त्यांचा असा एक शब्द होता, 'थांबा'. साळोबाने प्रश्न विचारल्यावर तो जितका वेळ गप्प राहतो, तो थांबा. तरुणपणी त्या एका वाहिनीच्या बालविभागात लागल्या, तेव्हा त्यांच्या वरिष्ठांनी हा थांबा कापायला सांगितला होता. पडद्यावर शांतता म्हणजे प्रेक्षक उठून गेलाच म्हणून समजा, असं त्यांचं म्हणणं. कौमुदीताई कापायला तयार झाल्या नाहीत. त्या साळोबाला पिशवीत घालून कागल, गडहिंग्लजच्या बालवाड्यांत जाऊन बसत. धीट पोरं प्रश्न संपायच्या आत ओरडत. पण एखादं पोर भिंतीला टेकून ओठ हलवत बसे, त्याला वेळ लागे. बोलणाऱ्याची अंबाडी खपते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ही जगाची रीत. कौमुदीताईंनी थांबा त्या भिंतीपाशी बसलेल्या पोराच्या मापाने बेतला. आणि तेवढ्यातही जे पोर बोलत नसे, त्याच्यासाठी ते शेवटचं वाक्य घातलं. आणि एक जण काहीच बोललं नाही, तेही ऐकलं.

साळोबाला अर्थातच काही ऐकू येत नव्हतं. पण सगळ्या घरांतल्या सगळ्या मुलांना वाटे, की त्याने आपलंच ऐकलं. त्यासाठी कौमुदीताईंचा एक नियम होता. थांब्यानंतर साळोबा जे बोलेल, ते मुलाच्या कुठल्याही उत्तराला लागू पडलं पाहिजे. ते जमणार नसेल तर प्रश्नच बदलायचा. हा नियम त्यांनी सारं आयुष्य पाळला आणि एकदाच मोडला.

तो कसा मोडला, हे सांगायला त्या दिवशी डॉ. समीना शिकलगार स्टुडिओत आली. यानाशी बोलणं राखण्याचं काम मसाई पठारावरच्या केंद्रात चाले आणि समीना त्या केंद्राची प्रमुख होती. दर महिन्याला ती यानावरून आलेलं चित्रण घेऊन यायची. चहा प्यायची, साळोबाच्या एखाद्या काट्याशी खेळायची आणि जायची. आज तिने चहा बाजूला ठेवला.

"ताई, मुलांच्या वर्गातून आलंय. बघाल?"

"बघतो की. त्यात विचारायचं काय?" कौमुदीताई कोल्हापूरकर बायकांच्या रिवाजाने पुरुषी क्रियापद वापरीत. "तुझा चेहरा का असा उतरलाय पण?"

समीनाने पडदा लावला. दोन वेण्या घातलेली सहा वर्षांची एक मुलगी सरळ बघत उभी होती. मागे वर्ग दिसत होता.

"साळोबा, मी कस्तुरी," ती म्हणाली. "आज बाईंनी आम्हाला उजेड कसा चालतो ते शिकवलं. उजेडाला पृथ्वीवर पोचायला एक वर्ष लागतं. आवाजाला पण तेवढंच. मग तू लगेच कसं ऐकतोस?"

ती जराशी थांबली. 

"परवा तू विचारलंस, काल घरी काय झालं, मला सांग बघू. मी सांगितलं. सगळ्यांच्या आधी सांगितलं. मी म्हटलं, बाबा गेले. तू म्हणालास, ऐकलं रे ऐकलं, मज्जाच मज्जा! मग सगळे हसले. तुला ऐकूच येत नाही. खोटारडा आहेस तू."

मुलगी चौकटीतून निघून गेली. मागोमाग तिच्या शिक्षिका दिसल्या. तिचे वडील आजाराने गेल्याचं त्यांनी सांगितलं. आता थांबा आला की वर्गातलं एकही मूल तोंड उघडत नाही आणि कस्तुरीने तर मराठीच टाकली आहे, आईशीसुद्धा दुसऱ्या भाषेत बोलते, असं त्या म्हणाल्या. आई रोज रडते. मराठीचा तास चालू ठेवायचा की बंद करायचा, तुम्हीच सांगा, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

पडदा विझला.  कौमुदीताईंनी साळोबाला मांडीवर घेतलं.

"चूक माझीच हाय गं," त्या म्हणाल्या. "त्या पोरांना आंबा ठाऊक नाही, पाऊस ठाऊक नाही. विचारू तरी काय त्यांना? म्हणून म्हटलं, घरात काय झालं ते विचारावं, घर तर सगळ्यांनाच असतंय. प्रश्न मोकळा सोडला आणि उत्तर आपलं ठरलेलं ठेवलं. आमच्या धंद्यात असलं नवशिक्यानंसुद्धा करू नये."

"तुम्हाला कसं कळणार होतं, ताई?"

"न कळताच तर सगळं करायचं असतंय. तेवढंच तर काम आमचं." त्यांनी डोळे पुसले. "ते राहू दे. आता तिला लगेच सांगायला पाहिजे. आज पाठवलं तर?"

समीनाला हे सांगणं जिवावर आलं, पण शास्त्रज्ञाला गोड बोलून भागत नाही. "ताई, ती हे बोलली त्याला वर्ष झालं. आता ती सात वर्षांची आहे. तुमचं बोलणं तिला पोचेल, तेव्हा ती सव्वाआठ वर्षांची असेल."

"म्हणजे ही जी आता इथं उभी होती..."

"ती आता कुठेच नाही. कस्तुरी आहे, पण ही कस्तुरी नाही."

कौमुदीताईंनी विझलेल्या पडद्याकडे पाहिलं. सगळी हयात त्या लहान मुलांशी बोलत आल्या होत्या. ती मुलं मोठी होतात हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण आपला शब्द पोचायच्या आतच ती मोठी झालेली असतात, हे त्यांच्या ध्यानात आजच आलं.

"तुमच्या यंत्रांना सांग की मग," त्या जरा रागानेच म्हणाल्या. "तिथल्या तिथं एक साळोबा करा. पोरगी बोलली की लगेच उत्तर देईल असा."

"लगेच उत्तर देणारी यंत्रं तिथे भिंतीभिंतीत आहेत, ताई. ती तिच्याशी दिवसभर बोलतात. पण बाबा गेल्याचं तिने त्यांना नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं."

 समीनाने गार झालेला चहा घेतला आणि कपाकडेच बघत ती म्हणाली, "मी जयसिंगपूरची. घरात चार भाऊ. साळोबानं काही विचारलं की ते चौघं असे ओरडायचे, की माझं उत्तर माझ्या तोंडातच राहायचं. मी कधीच बोलले नाही, ताई. एकदाही नाही. पण साळोबा म्हणायचा, आणि एक जण काहीच बोललं नाही, तेही ऐकलं. मला वाटायचं, त्याला माझं घर दिसतंय. त्याच्या आवाजाच्या लहरी आमच्या छपरावर कशा येतात, हे शोधायला म्हणून मी या शिक्षणाकडे वळले."

"म्हणजे तुलाही मी फसवलंच की गं."

"मला नाही तसं वाटलं," समीना म्हणाली. "पण मला कधी काही झालंच नव्हतं. माझे अब्बा तेव्हा होते."

पेच असा होता. साळोबाने खरं सांगितलं, तर यानावरची चार-चार वर्षांची पोरं, ज्यांना उजेडाबिजेडाचं अजून काही ठाऊक नाही, ती त्याला गमावून बसणार. नाही सांगितलं, तर कस्तुरीने जे म्हटलं तेच खरं ठरणार. हयातभर ज्या बाहुलीच्या कानांवर मुलांचा विश्वास बसावा म्हणून हात वर धरला, तिच्याच तोंडून 'मी बहिरा आहे' असं वदवायचं?

अडलं की कौमुदीताई जे करत, तेच त्यांनी केलं. साळोबाला पिशवीत घातलं आणि गल्लीच्या टोकाच्या बालवाडीत जाऊन बसल्या. तिथल्या मुलांनी साळोबाचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी खोक्याच्या आड बसून हात वर केला. साळोबाने सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "पोरांनो, मला की नाही, ऐकूच येत नाही."

मुलं गप्प झाली.  आता ही उठून जाणार, असं खोक्याआड कौमुदीताईंना वाटलं.

एक मुलगा पुढे आला आणि साळोबाच्या कानाशी तोंड नेऊन जिवाच्या आकांताने ओरडला, "आता येतंय काय?"

"नाही रे," साळोबा म्हणाला.

"त्याच्या कानात काडी गेलीया," दुसरा म्हणाला. "काट्याची."

मग मुलांनी त्याचे कान तपासले. एकाने फुंकर मारली. एकीने बोटांनी खुणा करून दाखवल्या. आणि सगळ्यांच्या मागे उभी असलेली एक बारकी मुलगी पुढे येऊन म्हणाली, "तू हितंच थांब हां. मी जवळ येतो. मग येईल ऐकू." तिने साळोबाला पोटाशी धरलं. त्याच्या आत हात होता, हे तिला चांगलं जाणवत होतं, पण तिने काही त्या हाताची चौकशी केली नाही.

कौमुदीताई खोक्याआड रडल्या, अगदी पदर तोंडात कोंबून. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की साळोबाला ऐकू येतं म्हणून मुलं त्याच्यावर माया करतात. मुलांना असल्या कारणांची गरजच नव्हती. त्याला ऐकू येत नसेल, तर ती आणखी थोडी पुढे सरकणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच समीनाला बोलावणं गेलं. चित्रणाच्या वेळी तिला प्रथमच टेबलाशेजारी बसायला मिळालं. तिथून तिला साळोबाही दिसत होता आणि त्याला धरणारा हातही.

"कस्तुरी," साळोबा म्हणाला, आणि त्याने अंग झाडलं नाही, काटे सळसळवले नाहीत. "तुझे बाबा गेले. मी आत्ता ऐकलं. तू सांगितलंस तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं, आणि मी ऐकलं म्हणालो. ते खोटं होतं. तू बरोबर ओळखलंस. तुझं बोलणं वर्षभर अंधारातून एकटं चालत आलं आणि काल माझ्यापाशी पोचलं. तोवर तू तिकडे एकटी होतीस. याचं मला फार वाईट वाटतं."

हात खाली येऊ लागला. कौमुदीताईंनी डाव्या हाताने उजव्याला आधार दिला.

"आणि बाकीच्यांनो, तुम्हालाही सांगतो. माझ्या आत एक आजी आहे. माझे कान म्हणजे नुसती घोंगडी, ऐकते ती आजी. तुम्ही जे बोलाल ते उशिरा का होईना, ती बसून ऐकेल. अगदी प्रत्येकाचं. तिचा हात दुखतो, पण ती मला खाली ठेवत नाही. आता मी तुम्हाला विचारतो, काल घरी काय झालं? तुम्ही सांगा. मी थांबतो."

साळोबा थांबला. तोच तो लांब श्वास, भिंतीला टेकलेल्या पोराच्या मापाचा. समीनाही नकळत श्वास धरून बसली.

"अजून ऐकू आलेलं नाही," साळोबा हळूच म्हणाला. "पण तुमचं बोलणं निघालंय. वाटेत आहे. मी इथंच आहे."

चित्रण गेलं. त्यानंतर कौमुदीताईंचा दिनक्रम बदलला. यानावरून आलेलं एकेका मुलाचं एकेक वाक्य त्या रोज सकाळी कानाला यंत्र लावून ऐकत. ही साळोबाने खरं सांगितलं ते पोचायच्या आधीची, वर्षभर जुनी वाक्यं. थांब्यात मुलं आता गप्पच असत. कौमुदीताई ती शांतताही ऐकत. कोण खोकलं, कोण पाय घासतंय, सगळं टिपून मग त्या पुढच्या भागात साळोबाला म्हणायला लावत, "बंटी, तुझा खोकला गेला का रे?" त्या खोकल्याला तेव्हा वर्ष उलटलेलं असे आणि विचारपूस पोचेपर्यंत आणखी सव्वा उलटणार. समीना हसली तर त्या म्हणत, "असू दे. उशिरा विचारलं तर काय बिघडलं? न विचारण्यापेक्षा बरं न्हवं?"

तिने एकदा त्यांना विचारलं, "कस्तुरीचं उत्तर यायला अडीच वर्षं आहेत, ताई. थांबाल ना?"

"आयुष्यभर दुसरं काय केलंय गं मी?" कौमुदीताई म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

पण त्या थांबू शकल्या नाहीत. वर्षभराने, दुपारी जेवून जरा आडव्या झालेल्या असताना, त्यांचं हृदय बंद पडलं. उशाशी साळोबा होता.

समीनाने त्यांच्या जाण्याची बातमी यानाकडे पाठवली आणि पाठवताना तिच्या लक्षात एक गोष्ट आली. ती तिला आधीपासून ठाऊक होती, पण ती अशी अंगावर आली नव्हती. बातमीही प्रकाशाच्याच वेगाने जाते. कौमुदीताईंनी वर्षभरात पाठवलेले भाग आधीच वाटेला लागले होते आणि बातमी त्यांच्या मागून निघाली होती. ती त्यांना कधीच गाठू शकणार नव्हती. म्हणजे कोल्हापुरात त्यांचा दहावा, बारावा झाला तरी अगस्त्य यानावर त्या जिवंतच होत्या. दर आठवड्याला साळोबा तिथे मान हलवत होता, पुढे खोकल्याची चौकशी करणार होता, मी इथंच आहे म्हणून सांगणार होता. आणि तिथली मुलं त्यांना उत्तरं देणार होती. विश्वाच्या नियमांत यात काहीही चूक नव्हती.

साळोबा आता स्टुडिओत टेबलावर असे. दुसरा कुणी हात घालायला धजावला नव्हता. मराठीच्या तासाला जुनेच भाग पाठवले जात होते.

अडीच वर्षं पुरी होत आली आणि एका सकाळी पठारावर कस्तुरीचं उत्तर उतरलं. समीनाने ते केंद्रात पाहिलं नाही. ती ते घेऊन कोल्हापुरात आली, स्टुडिओ उघडला, साळोबाला पडद्यासमोर ठेवलं आणि स्वतः टेबलाखालच्या पाटावर बसली.

मुलगी उंच झाली होती. वेणी एकच होती. सव्वाआठ वर्षांची कस्तुरी मराठीत बोलू लागली, जराशी अडखळत, वापरात नसलेलं दार उघडावं तशी.

"साळोबा, तुझं आज पोचलं. मी आईला बोलावून दोनदा बघितलं. तुला उशीर झाला, पण तू ऐकलंस. मी आता तुझ्यावर रागावलेली नाही. आता मी आईशी मराठीत बोलते. बारक्या मुलांना मी सांगते की साळोबाला ऐकू येत नाही, पण आजीला येतं, म्हणून नीट मोठ्यानं बोला."

तिने कुणाकडे तरी पाहिलं, बहुधा शिक्षिकांकडे, आणि पुन्हा समोर पाहिलं.

"मी मागकाळाचं गणित केलं. माझं हे बोलणं पोचेपर्यंत आणखी सव्वा वर्ष जाईल. बाई म्हणाल्या, आजी खूप म्हाताऱ्या आहेत. मला माहीत आहे याचा अर्थ काय ते. पण मला त्यांना एक विचारायचंय. म्हणून मी तुझ्यासारखंच करते."

समीनाने मनाशी हिशेब केला. कस्तुरी हे बोलली तेव्हा कौमुदीताईंना जाऊन दोन-तीन महिने झाले होते आणि कस्तुरीच्या जगात त्या अजून वर्षभर जिवंत असणार होत्या. दोन्ही खरं होतं.

"आजी," कस्तुरी म्हणाली, "तुमचा हात दुखायचा थांबला का?"

आणि ती थांबली. एका लांब श्वासाइतकी, नेमकी तेवढीच. पडद्यावर मुलगी कान देऊन उभी होती, टेबलावर साळोबा बटणांच्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होता, आणि पाटावर बसलेल्या समीनाला वाटलं, आपण काहीतरी म्हणायला हवं. हो म्हणायला हवं. थांबला, पोरी, आता दुखत नाही, इतकं तरी. तिने तोंड उघडलं. पण जयसिंगपूरच्या घरात चार भावांच्या मागे बसून जे व्हायचं तेच झालं. उत्तर तोंडातच राहिलं.

कस्तुरीने मान हलवली.

"कुणीच काही बोललं नाही," ती म्हणाली. "तेही ऐकलं."